घराखाली एअर रायफलची रेंज: सोलापुरात तळघर खोदायच्या आधी आणि नंतर

घराखाली शूटिंग रेंज बांधतोय म्हटलं की समोरचा माणूस आधी विचारतो, "बंदुकीचं लायसन आहे का?" दुसरा प्रश्न असतो, "शेजाऱ्यांना चालतं का?" मुलगी नेमबाजी करते, रोज रेंजवर जायला-यायला अर्धा दिवस जातो, म्हणून घर बांधताना आम्ही तळघरातच १० मीटरची रेंज काढली. तेव्हापासून अनेक पालक विचारायला येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. यातला मोठा भाग बंदुकीबद्दल नाही. लांबी, जिना आणि पाणी या तीन गोष्टी जमल्या तर रेंज होते. बाकीचं सामान पैसे दिले की मिळतं.

१. आधी ठरवा, कसली रेंज

खाजगी घरात करण्याजोगी रेंज एकच: १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल. पॉइंट टू-टू किंवा त्यावरची कुठलीही दारूगोळ्याची बंदूक घरात चालवायचा विचार मनातून काढून टाका. त्याला शस्त्र अधिनियम, १९५९ लागू होतो. बंदुकीचा परवाना वेगळा, रेंज चालवायचा परवाना वेगळा, आणि हे परवाने घराचं तळघर बघून कोणी देत नाही. शिवाय तिथे बारुदाचा धूर आणि शिशाची वाफ बाहेर काढायची यंत्रणा लागते, ती घरगुती कामच नव्हे.

एअर वेपनचं गणित वेगळं आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० जूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेची मॅच रायफल ४.५ मिलिमीटरचीच असते आणि तिची ताकद साधारण साडेसात जूल, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. तरीही घेताना शस्त्रविक्रीचा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, ओळखपत्राची प्रत द्या, पक्कं बिल घ्या. पॉइंट टू-टू (सुमारे साडेपाच मिलिमीटर) व्यासाची एअर गन "तशीच मिळते, काही होत नाही" म्हणून कोणी देऊ लागला तर हात जोडा आणि बाहेर पडा.

गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक प्रत्येक सोलापूरकराने कधी ना कधी धरलेली असते, त्यामुळे एअर गन म्हणजे खेळणं अशी एक समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. आणि गच्चीवरून पक्षी टिपणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा होऊ शकतो. घरात कोणी पाहुणा पोरगा आला की हे त्याला आधी सांगायचं.

२. खोदायचंच आहे का, ते बघा

माझं स्पष्ट मत: घर नव्याने बांधत असाल तरच तळघर करा. बांधलेल्या घराखाली नुसत्या रेंजसाठी खोदणं म्हणजे पाया उघडा पाडणं. तसा सल्ला कोणी इंजिनिअर देत असेल तर दुसरा इंजिनिअर शोधा.

तळघराचे फायदे खरे आहेत. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा नेमबाजीचं कॅनव्हासचं जाड जॅकेट आणि पँट घालून पत्र्याखाली उभं राहून दाखवा. तळघर तेव्हाही बरंच थंड असतं. वारा नाही, उजेड आपल्या हातात, आणि आवाज वर जात नाही. अभिनव बिंद्रा यांना घरच्यांनी घरीच रेंज करून दिली होती हे सगळ्यांना माहीत आहे, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं सुवर्णही. पण स्वप्नील कुसळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, त्यांनी २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य आणलं. घरात तळघर नसलं तर मूल मागे पडेल असं काही नाही.

मूल खेळात नवीन असेल तर एक वर्ष थांबा. तोवर हॉलमध्ये, छर्रा न घालता, भिंतीवर छोटं टार्गेट चिकटवून ड्राय प्रॅक्टिस करू द्या. चांगले प्रशिक्षक निम्मा सराव तसाच करून घेतात. वर्षभरानंतरही मूल स्वतःहून जॅकेट चढवत असेल तर पुढचं वाचा.

३. लांबी मोजा, मग नकाशा काढा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. १० मीटर म्हणजे ३२ फूट १० इंच, आणि ते अंतर फायरिंग लाइनपासून (नेमबाज जिथे उभा राहतो ती रेघ) टार्गेटच्या कागदापर्यंतचं. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं नव्हे. टार्गेटच्या मागे ट्रॅप (छर्रे अडवणारी लोखंडी पेटी) आणि त्यामागे फळी मिळून दीड-दोन फूट जातात. नेमबाजाच्या मागे उभं राहायला, स्टँड ठेवायला आणि प्रशिक्षकाला खुर्ची टाकायला पाच-सहा फूट हवेत. आतून मोकळी एक्केचाळीस फूट लांबी धरा. भिंतींची जाडी त्यात धरलेली नाही.

आता आपल्याकडचे प्लॉट बघा. ३० बाय ४० मध्ये हे बसतच नाही. ३० बाय ५० मध्ये पुढे-मागे मोकळी जागा सोडली की हातात पस्तीसेक फूट उरतात, म्हणजे तेही गेलं. ४० बाय ६० असेल तर लांबीच्या बाजूने आरामात बसतं. छोट्या प्लॉटवाल्यांनी तळघराचा नाद सोडून तळमजल्यावर पार्किंगपासून मागच्या खोलीपर्यंत सरळ रेषा मिळते का ते बघावं. त्या रेषेवर बाजूने उघडणारी दारं सरावाच्या वेळी आतून कडी लावून बंद करता आली पाहिजेत.

रुंदी एका लेनला (एका नेमबाजाच्या पट्ट्याला) १ मीटर हा किमान नियम आहे, पण तेवढीच खोली ठेवली तर ती बोळ होते. एका लेनला सात फूट, दोन लेनला दहा फूट ठेवा. उंची तुळईच्या खाली आठ-नऊ फूट मिळाली की पुरे.

जिना! नकाशा करणारा जिना नेहमी जिथे सोयीचा पडेल तिथे टाकतो, आणि तो पडतो लेनच्या मध्यावर. जिना आणि दार नेमबाजाच्या पाठीमागेच उघडलं पाहिजे. आजी "चहा घेतेस का?" विचारायला खाली आली तर ती नातीच्या मागे यायला हवी, रायफलीच्या पुढे नव्हे. फायरिंग लाइनच्या पुढे दार, खिडकी, कपाट, इनव्हर्टर, काहीही नको. हे एक कलम नकाशात मान्य झालं नाही तर काम सुरूच करू नका.

४. माती, मुरूम आणि पाणी

सोलापूरची काळी माती उन्हाळ्यात इतकी फाटते की भेगेत हात जातो. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि तळघराच्या भिंतीला बाहेरून ढकलते. त्यामुळे विटांची भिंत चालत नाही, आरसीसीचीच हवी, आणि तिचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरने करून द्यायला हवं. भिंतीबाहेरचा खड्डा भरताना काढलेली काळी माती परत ढकलायची नाही. मुरूम आणून थराथराने दाबून भरायचा. ठेकेदार हमखास म्हणेल, "साहेब, हीच माती टाकू, मुरमाचे ब्रास वाचतील." वाचू देऊ नका.

काही भागांत चार-पाच फुटांवर मुरूम लागतो आणि त्याखाली थेट काळा पाषाण. मग जेसीबी थांबतो आणि ब्रेकर लावावा लागतो, तिथे खर्चाचं गणित बदलतं. म्हणून आधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत चाचणीचे खड्डे घ्या. आणि ते खड्डे मे महिन्यात बघून खूश होऊ नका. मे मध्ये सोलापुरात कुठलाही खड्डा कोरडाच असतो. आपला जोराचा पाऊस येतो सप्टेंबरात. ऑक्टोबरमध्ये त्या खड्ड्यात पाणी किती वर आलंय आणि शेजारच्या बोअरला किती फुटांवर पाणी आहे ते बघा. कंबर तलावाच्या किंवा सिद्धेश्वर तलावाच्या आसपास राहत असाल तर हे जास्तच गंभीरपणे घ्या.

दुसरं पाणी आपण स्वतः आणतो. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून इथे प्रत्येक नव्या घरात जमिनीखाली हौद असतो. तो हौद आणि तळघर यांची भिंत एकच ठेवायचा मोह मिस्त्रीला होतोच, कारण एक भिंत वाचते. हौद आज ना उद्या पाझरतो आणि ओल थेट टार्गेटमागच्या फळीत शिरते. हौद आणि सेप्टिक टँक दोन्ही तळघरापासून लांब, प्लॉटच्या दुसऱ्या बाजूला घ्या.

वॉटरप्रूफिंग बॉक्स पद्धतीचं करा: खाली आणि चारही बाजूंनी बाहेरून शहाबादी फरशी, सांधे नीट भरलेले. शहाबाद आपल्यापासून लांब नाही, फरशी आणि ते काम येणारे कारागीर दोन्ही इथे मिळतात. आतून रंगासारखं लावायचं केमिकल हे याच्या जोडीला ठीक, याच्या ऐवजी नाही. एका कोपऱ्यात, नेमबाजाच्या मागच्या बाजूला, दीड फुटाचा खड्डा ठेवा आणि त्यात आपोआप चालणारा छोटा पंप सोडा.

५. परवानगी आणि कागद

तळघर नकाशात दाखवूनच बांधा. महानगरपालिका हद्दीत अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत ऑनलाइन जातो आणि राज्याची २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू होते. राहण्याची खोली म्हणून तळघर मंजूर होत नाही, त्यामुळे त्या जागेचा वापर नकाशात काय लिहायचा हे आर्किटेक्टशी आधी स्पष्ट बोला. लागणारे कागद:

- सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, अलीकडच्या तारखेचं
- एनए (बिनशेती वापराचा) आदेश असल्यास तो, आणि मंजूर लेआउट
- मोजणी नकाशा
- चालू वर्षाची कराची पावती
- आर्किटेक्टचा नकाशा, त्यात तळघराचा छेद
- स्ट्रक्चरल इंजिनिअरचं डिझाइन आणि प्रमाणपत्र

रेंजच्या फायलीत वेगळे ठेवायचे: रायफलचं बिल, ताकद आणि व्यास लिहिलेलं कंपनीचं पत्रक, मुलाचं जिल्हा किंवा राज्य रायफल असोसिएशनचं सदस्यत्व, स्पर्धांची प्रमाणपत्रं. मी जवळच्या पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज दिला: अमुक पत्त्यावर परवाना न लागणाऱ्या एअर रायफलचा सराव होतो, सोबत बिलाची प्रत. पोच घेऊन ती फायलीत लावली. उद्या कोणी "त्यांच्या घरातून फट् फट् आवाज येतो" म्हणून फोन केला तर ही पोच पुढे करायची. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना मात्र अर्जावर सोडू नका. त्यांना खाली बोलावून एक-एक छर्रा मारू द्या, शेंगाची चटणी-भाकरी खाऊ घाला, विषय संपतो. भाकरी अर्थात वर, हात धुऊन. का ते पुढे येतं.

६. ट्रॅप आणि मागची भिंत

छर्रा शिशाचा, सुमारे अर्ध्या ग्रॅमचा. सपाट लोखंडावर सरळ आदळला तर चपटा होऊन उलटा येऊ शकतो. म्हणून ट्रॅपची आतली पत्री तिरपी हवी: ३ मिलिमीटर जाडीची, ४५ अंशात वरून मागे झुकलेली नव्हे, तर छर्रा खाली वळेल अशी, वरची कड नेमबाजाकडे. खाली खण ठेवा, त्यात शिसं साठतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठलाही फॅब्रिकेशनवाला हे करून देतो, फक्त चित्र काढून द्या आणि "तिरपी कुठल्या बाजूला" हे हाताने दाखवून समजावा. पोलादी गोळ्या, ज्यांना बीबी म्हणतात, त्या या रेंजवर कधीच वापरायच्या नाहीत. त्या चपट्या होत नाहीत, परत येतात.

ट्रॅपच्या मागे आणि आजूबाजूला, जमिनीपासून छतापर्यंत, १८ मिलिमीटरचा प्लायवुड. नवशिक्याचा छर्रा ट्रॅपच्या बाहेर जातोच. प्लायच्या पुढे आम्ही जुन्या जाड सोलापुरी चादरी दुहेरी आणि सैल टांगल्या आहेत. उसळलेला छर्रा त्यात अडकतो आणि खोलीतला घुमाराही कमी होतो. ताणून बांधू नका, सैलच हवी. आणि चादर म्हणजे ट्रॅप नव्हे.

टार्गेटचा मध्य १.४ मीटर उंचीवर हवा, म्हणजे ४ फूट ७ इंच, पाच सेंटिमीटर वर-खाली चालतं. ही उंची कुठून मोजायची? नेमबाज जिथे उभा राहतो त्या फरशीपासून. हा मुद्दा कागदावर क्षुल्लक वाटतो, पण मिस्त्री धुण्यासाठी म्हणून फरशीला ढाळ देतात आणि एक्केचाळीस फुटांत तो चांगला तीन-चार इंच होतो. आमच्या मिस्त्रीने पारदर्शक नळीत पाणी भरलं, बुडबुडे टिचकी मारून घालवले, एक टोक माझ्याकडे देऊन फायरिंग लाइनवर काढलेल्या खुणेला धरायला लावलं आणि दुसरं टोक टार्गेटच्या भिंतीवर नेऊन पाणी स्थिर झालं तिथे पेन्सिलची रेघ ओढली. हजारोंचं लेझर यंत्र नसलं तरी चालतं, पण ही रेघ ओढल्याशिवाय ट्रॅपचा बोल्ट मारू नका. अंतर मोजतानाही कागदापासून ओळंबा सोडा आणि तो टेकतो तिथून टेप धरा.

टार्गेट पुढे-मागे आणायला सुरुवातीला महाग इलेक्ट्रॉनिक यंत्र नको. दोन ताणलेल्या तारा, नायलॉनची दोरी आणि सायकलची रिम एवढ्यावर हाताने फिरवायची ट्रॉली होते. रायफलचं कार्ड ८० मिलिमीटर चौरस, पिस्तुलाचं १७० मिलिमीटर. रायफलच्या कार्डावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे ट्रॉली थरथरत राहिली तर मुलं वैतागतात. थांबायच्या जागी चुंबक लावा.

७. उजेड आणि हवा

टार्गेटवर किमान १५०० लक्स (उजेड मोजायचं एकक), बाकी खोलीत किमान ३००. फक्त टार्गेट उजळून खोली अंधारी ठेवायची नाही, डोळा सतत जुळवून घेत दमतो. टार्गेटचा दिवा फळीआड लपवा, तो नेमबाजाला दिसता कामा नये. स्वस्त एलईडी लुकलुकतात, मोबाइलचा कॅमेरा धरला की पट्टे दिसतात. तसे पट्टे दिसले तर तो दिवा परत करा. भिंतींना फिका, चमक नसलेला रंग. वीज जातेच, तेव्हा जिन्यातला एक दिवा इनव्हर्टरवर घ्या आणि सगळ्या रेंजला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. जनरेटर तळघरात कधीच नाही.

हवेची दिशा महत्त्वाची: ताजी हवा नेमबाजाच्या मागून यावी आणि टार्गेटच्या बाजूने एक्झॉस्टने बाहेर जावी, कारण शिशाची धूळ तिथेच होते. एक्झॉस्टचं तोंड शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराकडे नको. जाळी लावा, नाहीतर उंदीर येतात.

८. हवेचं सिलिंडर

मॅच रायफल दाबलेल्या हवेवर चालते, आणि तिच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं एकक) दाबाची हवा असते. हातपंपाने भरता येतं, मोठं सिलिंडर आणूनही. त्यावर कोरलेली टेस्टची तारीख बघा, आणि रायफलच्या छोट्या सिलिंडरची कंपनीने दिलेली मुदत उलटली की ते मोडीत काढा, "चालतंय की" म्हणून वापरू नका. व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. आणि सर्वात महत्त्वाचं: दवाखान्यातलं किंवा वेल्डिंगचं ऑक्सिजन यात कधीही भरायचं नाही, स्फोट होतो. कोणी ओळखीचा "भरून देतो" म्हणाला तर काय भरतोय ते विचारा.

तळघरात दमटपणा राहतोच. रायफल केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह वर कपाटात, कुलपात. छर्रे वेगळ्या कुलपात.

९. रोजची शिस्त

मोठं माणूस हजर असल्याशिवाय सराव नाही. रायफल हातात नसेल तेव्हा नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग, घरी जाड केशरी नायलॉन दोरीचा तुकडाही चालतो, पण नळीच्या दोन्ही टोकांना दिसला पाहिजे. कोणीही टार्गेटकडे जाण्याआधी "अनलोड" म्हणायचं, सगळ्यांचे फ्लॅग बघायचे, मग पाऊल पुढे टाकायचं. ट्रॉली असली तरी कधी ना कधी दोरी तुटते आणि चालत जावंच लागतं. जिन्याच्या वरच्या दाराला लाल दिवा लावला की घरातल्यांना कळतं.

शिसं पोटात गेलं तर विष आहे, लहान मुलांना जास्त. रेंजमध्ये खाणं-पिणं नाही, छर्रे ओठात धरायचे नाहीत. वर आल्याबरोबर साबणाने हात-तोंड धुवायचं, म्हणून जिन्याच्या तोंडाशीच वॉश बेसिन घ्या आणि त्याला हौदाचं नव्हे, टाकीचं पाणी जोडा, म्हणजे मोटार लावायची वाट बघावी लागणार नाही. फरशी कोरड्या झाडूने झाडायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची, ते फडकं घरातल्या कपड्यांत धुवायचं नाही. घरात रांगणारं बाळ असेल तर रेंजच्या चपला जिन्यातच काढायच्या.

ट्रॅपचा खण हातमोजे घालून, झाकणाच्या बरणीत रिकामा करायचा. बरणी भरली की भंगारवाल्याला शिसं म्हणून सांगून द्यायची. घंटागाडीत किंवा कुंडीतल्या मातीत नाही. खण रिकामा करताना तिरप्या पत्रीवरून बोट फिरवून बघा. मध्यभागी खळगा पडायला लागला असेल तर पत्री उलटी करून बसवा, दुसऱ्या वेळी बदला.